हनुवटीची खूण

१

रविवारची जेवणं आटोपली की कवळीवाला पुढच्या खोलीचा पडदा ओढून घ्यायचा आणि तो सिनेमा लावायचा. महिन्यातून दोनदा तरी, आणि तेही गेली एकोणीस वर्षं. गल्लीत त्याला सगळे कवळीवालाच म्हणत, कारण दातांच्या लॅबमध्ये त्याची हयात गेली होती. अर्ध्या गल्लीचं हसू आपल्या हातचं आहे, असं तो स्वतःच सांगत फिरायचा.

सिनेमाचं नाव 'माफ करा, ओळखलं नाही'. एका भाडोत्री मारेकऱ्याची गोष्ट. हा मारेकरी काळ्या कोटात आणि टोपीत दिसायला रुबाबदार, वागायला कमालीचा सभ्य आणि डोळ्यांनी अधू. चष्म्याने रुबाब जातो म्हणून चष्मा लावायचा नाही. मग ज्याला मारायचं तो माणूस कोणता, हे त्याला दरवेळी कुणाला तरी विचारावं लागायचं, आणि दरवेळी भलताच कुणीतरी मरायचा. गोळी घालण्याआधी तो अदबीने वाकून म्हणायचा, "माफ करा."

कवळीवाल्याकडची डिस्क म्हणजे कुणीतरी थिएटरात चोरून केलेलं चित्रीकरण होतं. चित्र जरासं तिरकं, खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी टकलाची कड, आणि सिनेमाच्या आवाजात प्रेक्षकांचं हसणं मिसळलेलं. पुढे चांगली प्रत बाजारात आली, तरी त्याने घेतली नाही. ओळखीची तीनशे माणसं सोबत हसतात, ती कशाला सोडायची, असं त्याचं म्हणणं.

सगळ्यात लाडका प्रसंग न्हाव्याच्या दुकानातला. पाच खुर्च्या, पाच गिऱ्हाइकं, पाचांच्या तोंडाला फेस. मारेकरी आत येतो, डोळे बारीक करतो, पण सगळे सारखेच दिसतात. बाकावर एक माणूस आपली पाळी यायची वाट बघत बसलेला असतो. त्याची दाढ टम्म सुजलेली, जबड्याभोवती निळा रुमाल बांधून डोक्यावर गाठ मारलेली. मारेकरी त्याच्या कानाशी वाकून विचारतो, "यातला कोण?" नेमक्या त्याच क्षणी बिचाऱ्याच्या दाढेतून कळ जाते, मानेला झटका बसतो आणि हनुवटी तिसऱ्या खुर्चीकडे वळते. झालं. तिसरा संपतो. ज्याला मारायचं होतं तो पाचव्या खुर्चीतून उठतो, गाल चाचपतो आणि म्हणतो, "आज लवकर आटपलं."

या ठिकाणी मेणबुवा हमखास म्हणायचा, "वेळेवर दाढ काढली असती, तर एक जीव वाचला असता." मेणबुवा म्हणजे लॅबमधला त्याचा सोबती. मेणात दात बसवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून हे नाव. सतरा वर्षं दोघांनी हा सिनेमा याच खोलीत, याच दोन खुर्च्यांवर बसून पाहिला होता, आणि सतरा वर्षं कवळीवाला त्या एकाच विनोदावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला होता. गेली दोन वर्षं दुसरी खुर्ची रिकामी होती.

त्या रविवारी न्हाव्याचं दुकान आलं. मारेकरी आत शिरला, बाकाशी वाकला. आणि बाकावरच्या माणसाच्या तोंडाला रुमाल नव्हता.

दाढही सुजलेली नव्हती. स्वच्छ चेहऱ्याचा, चांगला शांत बसलेला माणूस. त्याने प्रश्न ऐकला, पाचही खुर्च्यांकडे सावकाश बघून घेतलं आणि मग हनुवटी उचलून तिसरी खुर्ची दाखवली.

थिएटरातली माणसं हसली. सवयीने कवळीवालाही हसायला गेला, आणि मध्येच थांबला.

२

त्याने प्रसंग मागे नेला. पुन्हा तेच. पुन्हा मागे नेला. टकलाची कड होती तिथेच होती. पाचवा उठला, गाल चाचपला, "आज लवकर आटपलं" म्हणाला. सगळं जागच्या जागी होतं, फक्त रुमाल नव्हता.

कवळीवाला काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. रोज माणसांचे जबडे हातात घेऊन बसणाऱ्याला तसली भीती परवडत नाही. त्याने शांत डोक्याने विचार केला. आपलं वय छप्पन्न. या वयात आठवणी घोटाळतात. कदाचित रुमालवाला माणूस सिनेमात दुसरीकडे कुठेतरी असेल आणि आपण त्याला या बाकावर आणून बसवला असेल. पण मग मेणबुवाचं ते वाक्य? दाढच नसती, तर तो दाढेबद्दल बोलला कशाला असता?

बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने शक्य तितक्या सहज विचारलं, की न्हाव्याच्या दुकानात बाकावर बसलेल्या माणसाच्या तोंडाला रुमाल असतो ना?

"असेल नाहीतर नसेल," ती म्हणाली. "मला तो सिनेमा कधीच आवडला नाही. तिकडे माणूस मरतो आणि इकडे तुम्ही दोघं खिदळता."

"विनोद आहे तो."

"असेल. मला त्या तिसऱ्या खुर्चीतल्याचंच वाईट वाटतं. त्याला तर कळतही नाही कुणी दाखवलं ते."

ती पुन्हा घड्यांकडे वळली. कवळीवाला पुढच्या खोलीत आला आणि त्याने टीव्ही बंद केला. काळ्या काचेत त्याला आपलंच तोंड दिसलं, तेव्हा त्याने काच पुसायचं निमित्त करून तिच्यावर फडकं टाकून दिलं.

३

दोन वर्षांपूर्वी लॅबमध्ये जे घडलं, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला त्याने एवढंच सांगितलं होतं, की मेणबुवाने काम सोडलं आणि आता त्याला यायला सवड होत नाही.

लॅबमध्ये दोघांचीच टेबलं. मेणबुवा मेणात दात लावायचा, कवळीवाला साचे ओतायचा, घासायचा, चमकवायचा. पण शनिवारी अर्ध्या दिवसात कामं उरकायची असत, तेव्हा जो मोकळा असेल तो शेवटचा हात फिरवायचा. अशाच एका शनिवारी एका निवृत्त शिक्षिकेची अर्धी कवळी कवळीवाल्यापुढे होती. दोन्ही बाजूंना तारेचे आकडे. त्यातल्या एका तारेचं टोक घासून गोल करायचं राहिलं होतं. त्याला ते दिसलं होतं. दोन मिनिटांचं काम. पण घासायची मोटर तेव्हा मेणबुवाच्या हातात होती, आणि दुपारी सिनेमा बघायचं ठरलेलं होतं. रविवारी मेणबुवाकडे पाहुणे यायचे होते म्हणून बेत एक दिवस अलीकडे आणला होता. कवळीवाल्याने कवळी तशीच डबीत घातली. उगाच एवढंसं टोक, असं त्याला वाटलं. त्या दुपारी दोघं पोट धरधरून हसले.

शिक्षिका एकटी राहायची. जिभेला टोचतंय, हे तिने महिनाभर अंगावर काढलं. मग जखम चिघळली. मग जिभेचा एक तुकडा कापावा लागला. जन्मभर मुलांना शिकवलेल्या बाईंचं बोलणं आता कुणाला समजत नव्हतं.

दातांचे डॉक्टर स्वतः लॅबमध्ये आले. सोबत लॅबच्या मालकीणबाई. दोघं कवळीवाल्याच्या टेबलाशी थांबली. मालकीणबाईंनी कवळी समोर ठेवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "ही कुणाच्या हातची?"

मेणबुवा त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. मोटर चालू होती, त्यामुळे त्याला काही ऐकू जात नव्हतं. कवळीवाला एक शब्द बोलला नाही. त्याची हनुवटी फक्त वर झाली आणि मेणबुवाच्या पाठीकडे वळली. एवढंच. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला समजावत होता, की आपण खोटं असं काही बोललोच नाही.

कुणीतरी बघतंय असं वाटून मेणबुवाने मान वळवली. चहाला बोलावतायत समजून तो हसला.

त्याला त्याच दिवशी काढलं. त्याने भांडण केलं नाही की आवाज चढवला नाही. डबा पिशवीत भरताना तो कवळीवाल्याला म्हणाला, "माझ्याच हातून राहिलं असणार रे. डोळे कमी झालेत माझे." कवळीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात आठवला, की आजही त्याला तो कुठे लपवावा हे कळत नसे.

४

पुढच्या रविवारी सिनेमा लावायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. जेवण झाल्यावर अर्धा तास वर्तमानपत्र चाळलं. मग वाटलं, एकदा बघून टाकू. रुमाल जागेवर असेल आणि सगळं डोक्यातून जाईल.

सुरुवातीचे प्रसंग नेहमीसारखे गेले. थिएटर हसत होतं. पुढच्या रांगेतल्या बाईचं ते चढत जाणारं हसू, मागच्या कुणाचा तरी खोकला, सगळं त्याला तोंडपाठ होतं. न्हाव्याचं दुकान आलं आणि थिएटर गप्प झालं.

आवाज गेला नव्हता. वस्तरा कातड्यावर घासल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं. हसणारी माणसंही गेली नव्हती. तीनशे माणसं श्वास रोखून बसली, की एक प्रकारची जड शांतता पसरते, तशी शांतता टीव्हीतून त्याच्या खोलीत येत होती.

मारेकरी वाकला. "यातला कोण?" बाकावरच्या माणसाने हनुवटीने तिसरी खुर्ची दाखवली. इथे गोळी सुटायला हवी होती. ती सुटली नाही. मारेकऱ्याने आणखी जवळ वाकून सभ्यपणे विचारलं, "नक्की?"

एकोणीस वर्षांत हा शब्द त्या सिनेमात नव्हता. कवळीवाला शपथेवर सांगू शकला असता.

बाकावरच्या माणसाने मान हलवली. तेव्हा तिसऱ्या खुर्चीतला माणूस वळला. त्याचं तोंड फेसाने भरलेलं होतं, ओळख पटण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. फक्त फेसामधून ओठ फाकले. कुणीतरी कशाला तरी बोलावलंय असं समजून तो हसला. त्याच्या मागे कुठूनतरी बारीक घरघर येत होती. दात घासायच्या मोटरची.

कवळीवाल्याने भिंतीतून प्लगच उपटला.

५

मेणबुवा आता त्याच्या मुलीच्या दुकानात बसायचा. चपला-बुटांच्या दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं, मुलगी आणि जावई मिळून चालवत. मंगळवारी लॅब सुटल्यावर कवळीवाला तिथे गेला. काय बोलायचं हे त्याने वाटेत तीनदा जुळवलं होतं. दारात मेणबुवाला पाहिल्यावर जुळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

मेणबुवा सुईत दोरा ओवत होता. एका झटक्यात ओवला. डोळ्यांना काहीएक झालेलं नव्हतं.

कवळीवाल्याला बघून त्याला खरंच आनंद झाला. त्याने मुलीला चहा आणायला पाठवलं, बसायला स्टूल पुसून दिलं, लॅबमधल्या सगळ्यांची चौकशी केली. मालकीणबाईंचे गुडघे कसे आहेत, नवी भट्टी आली का, त्याच्या टेबलावर आता कोण बसतं. कवळीवाला तुटक उत्तरं देत राहिला. शेवटी त्याने विचारलं ते रुमालाचं.

"होता की," मेणबुवा म्हणाला. "निळा. गाठ डोक्यावर, सशाच्या कानांसारखी. का रे?"

"परवा बघत होतो. दिसला नाही."

मेणबुवाने हातातला बूट खाली ठेवला. "असं कसं? रुमाल नसेल, तर त्यात हसण्यासारखं काय राहिलं? त्याचं दुखत होतं, त्याच्या मनात काही नव्हतं, म्हणून तर आपण हसायचो. दुखत नसतं, तर त्याने माणूस दाखवून दिला असं होईल."

कवळीवाला चहाच्या कपाकडे बघत राहिला. साय धरली होती.

"तुला काही सांगायचंय का?" मेणबुवाने विचारलं. त्याच्या आवाजात संशय नव्हता. सोबत्याला काही अडचण असावी, अशी काळजी तेवढी होती.

त्या क्षणी तोंड उघडलं असतं, तरी चाललं असतं. मुलगी आत होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. कवळीवाला म्हणाला, "छे, सहज आलो होतो. या बाजूला काम होतं."

घरी परतताना त्याला स्वतःच्या चालण्याचीसुद्धा लाज वाटत होती.

६

तिसऱ्या रविवारी त्याने सिनेमा का लावला, हे त्याला नंतर धड सांगता आलं नाही. बायको आतल्या खोलीत इस्त्री करत होती. दार अर्धं उघडं होतं. इस्त्रीचा फुसकारा, मग कापडावरून फिरल्याचा आवाज, मग पुन्हा फुसकारा. तिने विचारलं, की दोन आठवडे अंगातून जीव गेल्यासारखे का वागताय. तो म्हणाला, झोप नीट लागत नाही.

न्हाव्याचं दुकान आलं. बाक रिकामा होता.

पाचही खुर्च्या रिकाम्या होत्या. कापडं घडी करून खुर्च्यांच्या हातांवर टाकलेली. खालच्या कोपऱ्यातली टकलाची कडही नव्हती. मारेकरी आत आला, त्याने डोळे बारीक करून दुकानभर पाहिलं आणि ज्याला विचारावं असं कुणीच दिसेना, तेव्हा तो चालत पुढे आला. पडद्याच्या काठाशी येऊन थांबायला हवा होता, तिथे तो थांबला नाही. त्याचा चेहरा मोठा होत गेला. वाकल्यावर त्याच्या श्वासाने आतल्या बाजूने काचेवर वाफ धरली.

"यातला कोण?" त्याने विचारलं.

कवळीवाल्याला वाटलं, आपण काही बोललो नाही की झालं. गप्प बसायचं. एवढं तर आपल्याला जमतं. त्याच्या हाताशी रिमोट होता. आत इस्त्री फुसकारली. काचेवरची वाफ पसरत गेली. प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, आणि कुठल्याही क्षणी तो माणूस डोळे आणखी बारीक करून खुर्चीत बसलेल्याकडेच नीट बघणार, हे कवळीवाल्याला कळून चुकलं.

दाढीचे खुंट कॉलरवर घासल्याचं त्याला जाणवलं. तेवढ्यावरूनच त्याला समजलं, की आपली हनुवटी उचलली गेली आहे आणि आतल्या खोलीच्या दाराकडे वळली आहे.

"माफ करा," मारेकरी म्हणाला, आणि ज्या बाजूला आतली खोली होती त्या बाजूने चित्राबाहेर निघून गेला. मागे पाच खुर्च्या राहिल्या.

आतून बायकोचा आवाज आला. "कोण आहे?"

मग इस्त्रीचा आवाज थांबला.

कवळीवाला उठला नाही. हे त्याच्या हातून घडलेलं सगळ्यात वाईट. तो बायकोला हाक मारू शकत होता, धावत आत जाऊ शकत होता, मधे फक्त सात पावलं होती. तो खुर्चीचे हात धरून बसून राहिला आणि गोळीचा आवाज कसा येईल याची वाट बघत राहिला. अर्ध्या उघड्या दारातून त्याला आतल्या कपाटाच्या आरशाची एक पट्टी दिसत होती. त्या पट्टीत काळ्या कोटाची एक बाही, आणि बाहीच्या टोकाला, अदबीने छातीशी धरलेली टोपी. क्षणभर. मग पट्टीत फक्त भिंत.

७

तो आत गेला तेव्हा बायको इस्त्री हातात धरून उभी होती. टेबलावर त्याचाच शर्ट होता. तिला काही झालं नव्हतं. पुढचं दार आतून लावलेलं होतं आणि खिडकीला गज होते.

"तुमच्याकडे कुणी आलं होतं का?" तिने विचारलं. "एक माणूस इथे उभा होता. मला विचारलं, तुम्हीच का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, मग कोण?"

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय? मी म्हटलं, इथे तसं कुणी राहत नाही. माफ करा म्हणाला आणि गेला. कसा गेला कोण जाणे." तिने इस्त्री उभी करून ठेवली. "त्याला आत कुणी पाठवलं?"

एवढं सोपं उत्तर होतं. इथे तसं कुणी राहत नाही. ते त्याला दोन वर्षांपूर्वीही सुचलं नव्हतं आणि आजही नाही. स्वतःकडे खूण करता येते, हेही सुचलं नव्हतं.

तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. तारेचं टोक, शनिवारची घाई, शिक्षिकेची जीभ, मेणबुवाची पाठ. सांगताना त्याला रडू आलं, आणि रडू आल्यामुळे थोडं हलकंही वाटलं. उद्या सकाळी मालकीणबाईंकडे जाऊन कबूल करतो, मेणबुवाच्या पाया पडतो, असं तो म्हणाला.

त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "आणि आज?"

त्याने बाहीने डोळे पुसले.

"आज कुणाला दाखवलंत?"

त्याने मान खाली घातली. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने भिंतीतून इस्त्रीचा प्लग काढला, शर्ट होता तसा टेबलावर ठेवला आणि त्याच्या बाजूने न जाता पलंगाला वळसा घालून बाहेर गेली.

सोमवारी तो खरंच गेला. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं आणि त्याला टेबल रिकामं करायला सांगितलं. त्या शिक्षिकेच्या दारातही तो जाऊन आला. तिने काहीतरी सांगितलं, ते त्याला समजलं नाही, आणि पुन्हा सांगा असं म्हणायचा धीर झाला नाही. मेणबुवाने त्याला पाया पडू दिलं नाही. लॅबमध्ये परत यायलाही त्याने नकार दिला. तो एवढंच म्हणाला, की माझे डोळे चांगले आहेत हे कळलं, बरं झालं.

डिस्क कवळीवाल्याने मोडून टाकली. घरात त्यानंतर कुणी आलं नाही, आरशात काही दिसलं नाही. बायको त्याच्याशी बोलते, त्याला वेळेवर वाढते, आजारपणात उशाशी बसते. फक्त एक गोष्ट आहे, आणि ती दोघांनीही कधी बोलून दाखवलेली नाही. तो घरात असला, की स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, अगदी झोपतानासुद्धा, ती त्याच्याकडे पाठ करत नाही.